सत्काराच्या फोटोनंतर मुलीसोबत कोण जाते?

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांच्या सत्काराचे फलक लागतात. इंदोरा, पाचपावली, टेका नाका, कपिल नगर, कुठेही जा, दृश्य सारखेच. मंचावर माजी नगरसेवक, दोन प्राध्यापक, एखादे निवृत्त अधिकारी. मुलींना पुष्पगुच्छ, पेन आणि बाबासाहेबांचे एखादे पुस्तक. भाषणात सावित्रीमाई येतात, वाघिणीचे दूध येते, 'कलेक्टर व्हा' येते. मग सामूहिक फोटो. संध्याकाळी तो फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर असतो.

सत्काराला आमचा विरोध नाही. आमच्यातल्या काहींच्या नावाचा माईकवरून पहिला उच्चार अशाच मंचावर झाला आणि त्या दिवशी आमच्या आया रडल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. आमचा प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. फोटोतल्या मुलीला दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जायचे असते. तिच्यासोबत कोण जाते?

आम्ही काही बायका गेली काही वर्षे दर रविवारी दुपारी विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. आमच्यात निवृत्त अंगणवाडी सेविका आहे, परिचारिका आहे, दोन शिक्षिका आहेत, बँकेत कारकून असलेली एक आहे, समाजशास्त्रात एम.ए. करून समाजकार्यात आलेली एक आहे आणि बारावीतच लग्न लावून दिलेल्या तिघी आहेत. आमची नोंदणीकृत संस्था नाही, लेटरहेड नाही. एक जाड रजिस्टर आहे. त्यात नववीपासून पुढच्या मुलींची नावे, त्यांचे कागद, त्यांच्या परीक्षांच्या तारखा आणि पुढच्या वर्षी त्या कुठे आहेत, हे लिहिलेले असते. या रजिस्टरने आम्हाला जे शिकवले, त्यावर हा लेख आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या मुलींकडे जिद्द आहे, स्वप्नही आहे. त्या अडतात ते कागदापाशी, पैशापाशी, अंतरापाशी आणि माणसांपाशी. म्हणून करिअर मार्गदर्शन म्हणजे वर्षातून एकदा होणारे भाषण नव्हे. अडलेल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मुलीसोबत उभे राहणे, हेच मार्गदर्शन आहे. ही जबाबदारी आज चळवळीने चार बायकांच्या फावल्या वेळावर टाकून दिली आहे.

एक उदाहरण सांगतो. मुलीची ओळख कळणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

बारावी विज्ञानला उत्तम गुण, सीईटीही चांगली गेलेली. फार्मसीला जायचे. आई तीन घरची धुणीभांडी करते. बाप आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला. मुलीजवळ जातीचा दाखला होता, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेश फेरीत भाग घेता येतो, पण मुदतीत वैधता आली नाही तर जागा खुल्या प्रवर्गात जाते आणि मग फीचा आकडा बघून आई खालीच बसते. वैधतेसाठी अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो वडिलांच्या बाजूचा हवा. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले. आजोबांच्या दाखल्यावर जुन्या जातीचे नाव असणार, पण तो दाखला गावाकडे मोठ्या बाबांच्या पेटीत. आणि मोठे बाबा म्हणाले, "तिची माय भांडून गेली हो. आता कायले आले कागद मांगाले?"

इथे जरा थांबून बघा. ज्या बापाने मुलीला टाकले, त्याच्याच घराण्याच्या कागदावर तिचा हक्क सिद्ध व्हायचा आहे. जिने वाढवले, त्या आईच्या बाजूचे कागद इथे कामाचे नाहीत. जात आणि पितृसत्ता एकमेकींना कशा टेकून उभ्या असतात हे आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकलो होतो. सेतू केंद्राच्या रांगेत ते प्रत्यक्ष दिसले.

आमच्या निवृत्त अंगणवाडी सेविका, ज्यांना सगळ्या मुली मावशी म्हणतात, त्या त्या मुलीला घेऊन सकाळच्या एसटीने निघाल्या. नागपूर, उमरेड, भिवापूर आणि पुढे पवनीकडे. मोठ्या बाबांकडे त्या गेल्याच नाहीत. सरळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेल्या. आजोबा ज्या शाळेत पहिलीत बसले असतील, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव असणारच, हा मावशींचा हिशेब. पहिल्या खेपेला 'जुनी रजिस्टरे वाळवीने खाल्ली' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला मावशींनी लेखी अर्ज नेला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर कपाट उघडले. १९४० च्या दशकातली नोंद सापडली. आजोबांचे नाव, जात, जन्मतारीख, सगळे शाबूत. उताऱ्यावर सही-शिक्का घेऊन दोघी रात्री नऊला नागपुरात उतरल्या. मुलगी आज फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

या सगळ्यात 'प्रेरणा' कुठे आली? मुलीला ती आधीपासूनच होती. तिला हवी होती दोन दिवसांची रोजी सोडून सोबत येणारी एक बाई, एसटीचे भाडे आणि 'पोच द्या' म्हणण्याचे धाडस.

त्या एसटीच्या वाटेवर उमरेड लागते. आपल्या इतिहासात उमरेडचे नाव का घ्यायचे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? जाईबाई चौधरी तिथल्या. १८९२ चा जन्म. दुष्काळाने कुटुंब नागपुरात आले, लहान वयात लग्न झाले आणि संसारासाठी त्यांनी हमालीची ओझी वाहिली. एका मिशनरी बाईच्या मदतीने त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पण शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी ओरड केली आणि ती नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये याच जाईबाईंनी नागपुरात आपल्या मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. १९३७ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या पंगतीला त्यांना वेगळे बसवून अपमान करण्यात आला. तेव्हा आपल्या बायका गप्प बसल्या नाहीत, त्यांनी निषेधाची सभा घेतली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथासाठी गावोगाव फिरून अशा बायकांच्या नोंदी जमवल्या नसत्या तर जाईबाई आपल्याला कळल्याही नसत्या.

आणि नागपूरचा दुसरा दिवस, २० जुलै १९४२. मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांच्यासमोर भाषण केले. मुलामुलींना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, लग्नाची घाई करू नका, असे त्यांचे सांगणे होते. हे आपण दर जयंतीला ऐकतो. पण त्या परिषदेतल्या बायकांनी काय ठराव केले, हे आपण क्वचित ऐकतो. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषाने अनेक बायका करण्याला विरोध केला, गिरणीतल्या बायकांसाठी पगारी रजा मागितली, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृह आणि शिष्यवृत्त्या मागितल्या. त्यांनी शिक्षणाचे गोडवे गायले नाहीत, शिक्षणाची व्यवस्था मागितली. शिक्षण, लग्न आणि मजुरी हे तीन प्रश्न त्यांनी एकाच दिवशी, एकाच मांडवात मांडले, कारण त्यांच्या आयुष्यात ते तीन वेगळे नव्हतेच.

आज ऐंशी वर्षांनी आमच्या रजिस्टरात तेच तीन प्रश्न येतात. फक्त कागद ऑनलाइन झाले आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण महाडीबीटीवर अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसे येत नाहीत. मंजुरी आल्यावर पोर्टलवर जाऊन रक्कम स्वीकारायची असते, हे न कळल्याने वर्ष वाया गेलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये अशा शासनाच्या सूचना असतात. तरी काही महाविद्यालयांच्या खिडकीवर 'आधी भरा, मग बघू' हेच ऐकू येते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. बाहेरगावाहून नागपुरात शिकायला आलेल्या मुलीला वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण पैसे हाती येईपर्यंत खोलीचे भाडे कोणी भरायचे? इथे मुलगा मित्रांसोबत कसेतरी वर्ष काढतो. मुलीला मामा घरी परत घेऊन जातो. 'मुली-मुलीच का, मुले काय आपली नाहीत?' असे आम्हाला जे विचारतात, त्यांना आमचे उत्तर हेच आहे.

आता थोडे स्वतःबद्दल. इतरांकडे बोट दाखवणे सोपे असते.

सुरुवातीची दोन वर्षे आम्हीही मुलींना ठरावीक वाटांवरच पाठवले. नर्सिंग, डी.एड., शिवणकाम, फार तर बँकेची परीक्षा. मुलगा आला की 'इंजिनीअरिंगचा विचार केला का?' आणि मुलगी आली की 'लवकर पायावर उभी राहशील असे काही बघ.' आमच्या मनात तिची काळजीच होती. पण त्या काळजीत तिच्या लग्नाचे वय आम्ही आधीच मोजून ठेवले होते.

एका मुलीने आम्हाला सुधारले. विहाराच्या सहलीत ती मनसरच्या टेकडीवर गेली होती. तिथले बौद्ध अवशेष सगळ्यांनी पाहिले, ही मात्र दगड गोळा करत बसली. तिने विचारले, "दगडांचं शिक्षण असते का, ताई?" आम्ही हसलो. घरी जाऊन मात्र लाज वाटली. कारण उत्तर आमच्या शहरातच होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. मनसरच्या परिसरात मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचे मुख्यालय नागपुरात आहे. विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. संघ लोकसेवा आयोग भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेतो. २०१९ पर्यंत बायकांना भूमिगत खाणीत काम करायला कायद्याने मनाई होती. त्या वर्षी तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांसाठी दिवसपाळीत ती मनाई उठली. हे आम्हाला त्या मुलीमुळे कळले. आज ती बी.एस्सी. करते आहे. पुढे काय होईल ते तिच्यावर आणि परिस्थितीवर आहे. पण 'हे तुझ्यासाठी नाही' असे आम्ही तरी म्हटले नाही, एवढे समाधान.

यातून आम्ही एक नियम केला. पहिल्या रविवारी मुलीला काहीही सुचवायचे नाही. तिला बोलू द्यायचे. आणि वर्षातून एकदा मुलींना शहर दाखवायचे. नीरी, व्हीएनआयटी, एम्स, विधी विद्यापीठ ही सगळी नावे आपल्या मुली बसच्या पाटीवर वाचतात. फाटकाच्या आत काय चालते हे त्यांनी पाहिलेले नसते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांना ही माहिती जेवताना मिळते. आत्या तिथे असते, मामाचा मित्र इथे असतो. आपल्या मुलींची आत्या नसेल तर आपण व्हायचे, इतका साधा हा मामला आहे.

पण प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले, असेही नाही. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. संस्कृतमध्ये एम.ए. केलेली दलित मुलगी. ज्या भाषेचे दार हजारो वर्षे बंद होते, त्या भाषेची पंडिता. पण नोकरी काही मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर आडनाव बदलले आणि मग नोकरीचे दार उघडले. 'अंतःस्फोट'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. पदवी तीच, बाईही तीच, फक्त आडनाव वेगळे. हे वाचल्यावर 'शिकलीस की सगळे ठीक होईल' असे आम्ही कोणत्याही मुलीला सांगू शकत नाही. आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने जीव दिला, सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, तेव्हा आमच्या रजिस्टरात एक नवा रकाना आला : 'महिन्यातून एकदा फोन'. वसतिगृहात गेलेल्या प्रत्येक मुलीला आमच्यातली एक जण फोन करते. जेवलीस का, झोप होते का, कोणी काही बोलते का, एवढेच विचारते. तक्रार कुठे करायची, समान संधी कक्ष म्हणजे काय, रॅगिंगची तक्रार लेखी कशी द्यायची, हे आम्ही मुलीला जाण्याआधीच समजावून सांगतो. ही माहिती देणे म्हणजे मुलीला घाबरवणे, असे काही पालकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. रस्त्यात खड्डा आहे हे सांगितल्याने कोणी चालणे सोडत नाही.

आमच्यावर एक गंभीर आक्षेप आपल्याच मित्रांकडून येतो. ते म्हणतात, 'हे सगळे सरकारचे काम आहे. तुम्ही फुकट करून सरकारला मोकळे सोडता.' या आक्षेपात तथ्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ती आम्ही आमच्या खांद्यावर घेतलेली नाही, घेणारही नाही. पण शिष्यवृत्ती येईपर्यंत मुलीने थांबावे, असेही आम्ही म्हणू शकत नाही, कारण तिचे वय थांबत नाही आणि स्थळेही थांबत नाहीत. म्हणून आम्ही दोन्ही करतो. अडलेल्या मुलीला आज सोडवतो आणि ती कुठे अडली हे तारखेसह लिहून ठेवतो. त्या नोंदी घेऊन आम्ही समाजकल्याण कार्यालयात जातो. माहिती अधिकारात अर्ज टाकतो. 'अनेक मुलींना त्रास होतो' असे सांगितले की साहेब मान डोलावतात. 'या तारखेला, या टप्प्यावर, एवढे दिवस अर्ज पडून आहे' असे दाखवले की फाईल मागवली जाते. दयेच्या कामात आणि हक्काच्या कामात आम्हाला कळलेला फरक हा.

दुसरा आक्षेप आमचा आहे, आणि तो चळवळीतल्या आमच्या भावांवर आहे. मंच तुमचा, माईक तुमचा, आणि एसटीत बसून पवनीला जायचे मावशींनी. रविवारी दुपारी दोनला यायचे म्हणून आमच्यातली प्रत्येक बाई सकाळी पाचला उठून घरचा स्वयंपाक उरकते. 'समाजकार्याला जाते, मग घरचे कोण बघणार?' हे तिला ऐकावे लागते, आणि हे म्हणणाऱ्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो. स्वयंसेवा म्हणजे बाईचा फुकटचा वेळ, असे आपण धरूनच चाललो आहोत. गिरणीतल्या बायकांसाठी १९४२ मध्ये पगारी रजा मागणाऱ्यांच्या आपण वारसदार आहोत. त्यांना हे पटले असते का?

म्हणून भाषणाऐवजी काही मागण्या करतो. सरकारकडे त्या वेगळ्या करूच. या आपल्या घरच्या मागण्या आहेत.

प्रत्येक विहारात मुलींचे एक रजिस्टर असावे आणि ते नववीपासून सुरू व्हावे. जात वैधतेचे कागद बारावीच्या निकालानंतर शोधायचे नसतात. दाखल-खारीजचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद, घरात कोणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत, हे सगळे दहावीतच फाईलला लागले पाहिजे. ज्यांच्याकडे घराण्याचे कागद आहेत त्या काकांनी, मोठ्या बाबांनी आईशी असलेले भांडण मुलीच्या कागदावर काढू नये. तसे कोणी करत असेल तर समाजाने त्याला जाब विचारावा.

जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा प्रवास, झेरॉक्स, परीक्षा शुल्क आणि शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या खोलीभाड्यासाठी बाजूला काढावा. त्याचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लागावा. मिरवणूक बंद करा असे आम्ही म्हणत नाही. फक्त एका रात्रीच्या आवाजाचा खर्च एका मुलीच्या किती महिन्यांच्या भाड्याइतका होतो, हे मंडळाने एकदा बसून मोजावे.

नोकरीला लागलेल्या आपल्या प्रत्येक बाईने आणि पुरुषाने दोन मुली ठरवून घ्याव्यात. पैसे द्यायलाच हवेत असे नाही. आपल्या कार्यालयात एक दिवस न्या, आपली परीक्षा कशी झाली ते सांगा, फोन उचला. आणि ज्या घरातली बाई हे काम करते, त्या घरातल्या पुरुषाने रविवारी स्वयंपाक करावा. तोही चळवळीतच धरला जाईल.

शेवटची मागणी सत्कार करणाऱ्यांना. पुढच्या वर्षी मंचावर या वर्षीच्या टक्क्यांसोबत मागच्या वर्षीची यादीही वाचा. ज्यांना पुष्पगुच्छ दिला त्या मुली आज कुठे आहेत? किती दुसऱ्या वर्षाला गेल्या, किती घरी बसल्या, किती जणींचे लग्न झाले आणि का? ही यादी वाचताना मंचावर थोडी अडचण होईल. ती झाली पाहिजे.

आमचे रजिस्टर कोणीही येऊन बघावे. त्यात न जमलेल्या गोष्टीही लिहिलेल्या आहेत. जिच्या घरी आम्ही चार वेळा गेलो आणि पाचव्या वेळी हळदीचा मांडव दिसला, तिचेही नाव आहे. ते आम्ही खोडलेले नाही. मागच्या महिन्यात ती कडेवर बाळ घेऊन आली आणि मुक्त विद्यापीठाचा फॉर्म कसा भरायचा, विचारू लागली. मावशींनी बाळ घेतले, आम्ही फॉर्म काढला.

रविवारी दुपारी दोनला खोली उघडी असते. खुर्च्या कमी आहेत, बसायला सतरंजी आहे. येताना मुलीचे कागद घेऊन या.

जय भीम!